बिनमाणसाची गाडी

सिद्राम, त्या गाडीत माणूस होता.

घे, बोललो एकदाचं. चार वर्षं हे एवढंसं वाक्य घशात धरून फिरलो आणि तू मातीआड गेल्यावर नवव्या दिवशी ते बाहेर पडतंय. तू असतास तर म्हणाला असतास, "आत्ता सांगतूस व्हय रं बिऱ्या? आता मी काय करू त्याचं?" काय करणार तू! काही करू नकोस. पडून ऐक. पडून तरी कसं म्हणू, तुम्हा लिंगायतांत बसवून पुरतात. बसून ऐक.

परवा मंद्रूपच्या बाजारात चहाला टेकलो होतो. शेजारच्या बाकावर दोघं शेंगा फोडत बसले होते. एक म्हणाला, "ते विजापूर रोडचं येडं ड्रायव्हर गेलं म्हणं की." दुसरा म्हणाला, "बिनमाणसाची गाडी बघितल्यालं? व्हय, गेलं. तीच गाडी आली आसंल न्यायाला." आणि दोघं हसले. माझं डोकं असं भडकलं की उठून एकाची गचांडीच धरली. म्हणालो, "कुणाला येडं म्हणतोस रं? त्याच्यासारखे डोळे अख्ख्या सोलापुरात कुणाचे नव्हते!" तो बिचारा घाबरला. "आवो पावनं, समदी म्हंत्यात म्हून म्हनलं की." मी हात सोडला. समदी म्हणतात हे खरंच. आणि समद्यांना तसं म्हणायला कुणी लावलं, हे त्या अख्ख्या बाजारात एकट्या मला माहीत होतं. चहा तसाच टाकून आलो.

आपण दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झालो. तेव्हा विजापूर रोड म्हणजे मधोमध डांबराची एक पट्टी, एका गाडीपुरती, आणि दोन्ही अंगाला काळी माती. अजून तसाच आहे म्हणा. समोरून गाडी आली की दोघांपैकी एकानं डांबर सोडायचं. भरलेल्याचं डांबर, रिकाम्यानं खाली उतरायचं. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. दोघंही भरलेले असले तर काय? तिथं तुझं शहाणपण सुरू व्हायचं. "गाडीकडं बघू नगंस बिऱ्या. गाडी काय सांगती? माणसाकडं बघ. ओठ आवळून बसलेलं आसलं तर त्ये उतरत न्हाई, आपुन उतरायचं. हात भाईर काढून ये, ये केलं तर त्ये उतरतंय. डोळ्यात डोळा घातला की अर्धं काम झालं."

समोरची गाडी लांबवर ठिपक्याएवढी दिसायला लागली की तू खिडकीतून मान पुढं काढायचास. मी हसायचो. "आरं, तू गाडी चालवतोस का सोयरीक जमवतोस? समोरच्याला राम राम केल्याशिवाय तुझं चाकच फिरत न्हाई." वीस वर्षांत तुझ्या गाडीला कधी पोचा आला नाही. मला मात्र तुझा एक गुण सोसायचा नाही. तू स्वतः भरलेला असलास आणि समोरचा रिकामा मुजोरपणे चालून आला, तरी तूच उतरायचास. मला संताप यायचा. "आपलं डांबर आपण का सोडायचं? उद्या सगळे डोक्यावर बसतील." तू म्हणायचास, "होगली बिडप्पा. जाऊ दे. डांबर काय आपल्या बाचं हाय?" ह्यावर आपण किती वेळा भांडलो असू, देव जाणे. एकदा तर टाकळीच्या हॉटेलात जेवण अर्धं टाकून मी उठून गेलो होतो. तू माझी भाकरी फडक्यात बांधून माझ्या सीटवर ठेवलीस.

मग एकाहत्तर साल आलं आणि डोळ्यांची साथ आली. पाऊस नाही, पाणी नाही, आणि वरून हे. रात्री माणूस धडधाकट झोपायचा आणि सकाळी उठायचा तो डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, पाणी गळतंय. कलकत्त्याकडून आली म्हणून कुणी तिला जय बांगला म्हणायचं, कुणी आणखी काही. साथ साधी होती, चार-सहा दिवसांत माणूस उठायचा. पण एकाच वेळी सगळ्यांना! चादरींच्या मागांवर बसायला माणूस नाही, शाळांना सुट्टी, घराघरात कोथिंबिरीचं पाणी आणि गुलाबपाणी. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते की ही हातानं पसरते, एकमेकांचे टॉवेल वापरू नका. ऐकतंय कोण? नजरेनं लागते, हे लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. आजाऱ्याच्या डोळ्यात बघितलं की आपले गेले. काळे चष्मे बाजारातून संपले. ज्यांना मिळाले नाहीत ते ओला टॉवेल तोंडावर घेऊन हिंडायला लागले.

रस्ता रिकामा झाला. निम्म्या गाड्या शेटलोकांच्या आवारात उभ्या, कारण चालवणाऱ्याचे डोळे आलेले. ज्या निघायच्या त्यांच्यावर क्लीनर नसायचा. आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? जिथं दिवसभर बैलगाड्यांच्या मागनं खुडखुड करत जायचो, तिथं वेगाचा काटा कधी गेला नव्हता तेवढ्यावर जाऊन टेकला. दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवसापासून अंगावर काटा यायला लागला. भर दिवसा कुत्री डांबरावर मधोमध झोपलेली, भोंगा वाजवला तरी उठायची नाहीत, नुसती मान वर करायची. लोकांनी डांबरावर हुलगा वाळत घातलेला आणि राखायला कुणी नाही. समोरच्या गाडीचा आवाज दिसायच्या कितीतरी आधी ऐकू यायचा, आणि कधी कधी नुसता आवाजच यायचा, गाडी यायचीच नाही. मधल्या एखाद्या गावाला वळली असेल, दुसरं काय? पण तेव्हा तसं वाटायचं नाही.

आणि हत्तूरचा थांबा! तिथं माणसं उभी असायची सोलापूरला जायला. गाडीचा आवाज आला की सगळी एकदम वळायची. रस्त्याकडं पाठ. म्हातारे, बायका, कडेवरची लेकरंसुद्धा आया फिरवून धरायच्या. मी जायचो तो पाठींच्या ओळीपुढनं जायचो. ओळखीची माणसं असायची की रे त्यात, पण कोण कुठलं ते कळायचं नाही. एकदा मी गंमत म्हणून जोरात हाक मारली, "काय पावनं!" एकानंही मान वळवली नाही. 

आता मला सांग, गाड्या कमी झाल्या तर अपघातही कमी व्हायला पाहिजेत की नाही? किरकोळ घासाघाशी, मडगार्ड चेपणं, नाक्यावरची भांडणं, हे सगळं खरंच बंद झालं. पण ज्या धडका व्हायला लागल्या त्या भलत्याच. समोरासमोर, नाकाला नाक. टाकळीच्या अलीकडं दोन ट्रक एकमेकांत घुसून उभे होते, आठवडाभर. ओढायला कुणी आलं नाही, कारण ओढणाऱ्याचेही डोळे आलेले. सरळसोट रस्ता, दुपारची वेळ, ना वळण ना चढ. मैलभर आधीपासून एकमेकांना दिसत असणार. मी रोज त्या दोन गाड्यांना वळसा घालून जायचो आणि तिकडं बघायचं टाळायचो.

ते कोडं तू सोडवलंस. विजापूर नाक्यावर मला अडवलंस, दहा पावलं लांब उभा राहून. "गाड्या ठोकत न्हाईत बिऱ्या. माणसं एकमेकांकडं बघंनात म्हून ठोकायल्यात. ह्यो तोंड फिरवतंय, त्यो तोंड फिरवतंय, मग कोन उतरनार? तू चष्मा लावू नगंस. टावेल घिऊ नगंस. डोळं आलं तर येऊ देत, चार दिसांत जात्यात." मी म्हणालो, "तुझं बरंय. तुझी पोरं मोठी झाली. माझ्या घरात बारा दिवसांचं लेकरू हाय." तू म्हणालास, "मग साथ जाईस्तवर गाडीवर येऊ नगंस." माझं टाळकं सरकलं. "आणि माझी चूल काय तुझा बाप पेटवणार?" असं म्हणालो मी, सिद्राम. तुझ्या बापाला, ज्यानं मला तुझा धाकटा भाऊ सांगून आपल्या घरात जेवू घातलं, त्याला. तू "होगली बिड" म्हणायलासुद्धा थांबला नाहीस, गाडीत बसून निघून गेलास. आपलं मोठं भांडण म्हणायचं तर ते तेवढंच.

त्यानंतर पाच दिवसांनी ते झालं. सगळं नीट सांगतो, कारण तुला त्यातलं अर्धंच माहीत होतं.

माझ्या शेटचा दुसरा ड्रायव्हर आजारी, म्हणून शेटनं मला त्याची गाडी घेऊन विजापूरला पाठवलं. हिरव्या ताडपत्रीची, तू कधी मला त्या गाडीवर बघितलं नव्हतंस. माल उतरवून सकाळी परत निघालो, रिकामा. क्लीनर नव्हता. मंद्रूप फाट्याच्या जरा अलीकडं, जिथं रस्ता सरळ आहे आणि एका अंगाला बाभळी आहेत, तिथं समोरून गाडी दिसली. तुझी. मी आवाजावरनंच ओळखली होती. चादरींच्या गठ्ठ्यांनी वरपर्यंत भरलेली.

तू मान पुढं काढून बसला होतास. चष्मा नाही, टॉवेल नाही. गाडी जवळ आली आणि मला तुझे डोळे दिसले. लालभडक. तुलाही आले होते, आणि तू तसाच उघड्या डोळ्यांनी निघाला होतास. हात बाहेर काढून हलवत होतास, "उतर, उतर" म्हणून, आणि हसत होतास. परक्या ड्रायव्हरला हसत होतास तू, कारण तुझं तोंड उन्हात होतं आणि माझं काचेआड, आत मी आहे हे तुला अजून कळलं नव्हतं.

माझ्यापुढं माझं लेकरू आलं. सुईण म्हणाली होती, एवढ्या बारक्याला आले तर बुबुळच जातं. मी गळ्यातला ओला टॉवेल तोंडावर ओढला आणि स्टेअरिंगखाली वाकलो. दोन्ही हातांनी चाक खालून सरळ धरून ठेवलं. मनात म्हणालो, दोन क्षणांचा प्रश्न आहे, सिद्राम उतरेल. तू नेहमीच उतरायचास. भरलेला असलास तरी उतरायचास. वीस वर्षं तुझ्या ज्या गुणावर मी चिडलो, त्याच गुणावर माझी गाडी सोडून दिली. रिकामा मी होतो. उतरायचं मी होतं.

तुझा भोंगा वाजत होता. जवळ आला, कानाशी आला, आणि मधेच बंद झाला. बस, तेवढंच. मी डोकं वर काढलं तर समोर रस्ता मोकळा. मी पुढं गेलो.

तू शेवटपर्यंत डांबरावर थांबलास. समोरचं तोंड शोधत. ते सापडलं नाही तेव्हा अगदी ऐनवेळी चाक फिरवलंस, आणि काळ्या मातीत भरलेली गाडी कलंडली. एरवी पाच मिनिटांत दहा गाड्या थांबल्या असत्या, माणसं गोळा झाली असती, तुला ओढून काढलं असतं. त्या दिवशी दोन तास त्या रस्त्यावर कुणी आलं नाही. मेंढरं घेऊन एक म्हातारा आला तेव्हा तू गवसलास. तोवर पाय गेलाच होता. लवकर काढला असता तर वाचला असता, असं नंतर सगळेच म्हणाले. माझ्या देखत म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी मंद्रूपला तुझ्या घरी आलो. दारात आठ-दहा माणसं उभी होती, सगळी तुझ्याकडं पाठ करून. अंगणाकडं बघत तुझी विचारपूस चालली होती. मीही तसाच उभा राहिलो. आतून तुझा आवाज आला. "बिऱ्या, आलास व्हय? ऐक. गाडीत कोन न्हवतं. शप्पत सांगतो. चाक आपलं आपुन सरळ यायलालतं. मी तोंड हुडकलं रं, आखीरपर्यंत हुडकलं. तोंडच न्हवतं."

 मला हायसं वाटलं, तू मला बघितलंच नव्हतंस. लाज वाटते लिहायला, पण हायसं वाटलं हे खरं आहे. मी अंगणाकडं बघतच म्हणालो, "तुझे डोळे आलेले होते की. दिसलं नसंल."  तू म्हणालास, "भिंतीवरच्या क्यालेंडरवरची बारीक अक्षरं दिसायल्यात मला हितनं. वाचून दावू?" आणि वाचायला लागलास, एकेक वार, एकेक तिथी. दारातली माणसं हळूहळू पांगली. मला वाटतं, तुला वेडा म्हणायला तिथूनच सुरुवात झाली.

आणि ऐक, गंमत ऐक. माझ्या लेकराला डोळे आले ते आलेच. माझ्याच आईच्या पदरानं आले असणार. चार दिवसांत बरेही झाले. बुबुळं टकटकीत आहेत पोरीची, सुईणीला जाऊन दाखवली मी.

तुझी गोष्ट मात्र पसरली. इंडी, विजापूर, इकडं कुर्डुवाडीपर्यंत. पंधरा दिवसांत मलाच एक परका ड्रायव्हर सांगत होता की ती बिनमाणसाची गाडी त्यानं स्वतः बघितली, हिरव्या ताडपत्रीची, चाक आपोआप फिरत होतं. मी विचारलं, "आणि मग?" तो म्हणाला, "मग काय, तोंड दाखवलं आणि सुटलो." त्या बाभळींपाशी कुणीतरी दगडाला शेंदूर फासला. तिथं आली की गाडी हळू करायची, मुंडकं बाहेर काढायचं आणि समोरच्याला तोंड दाखवायचं, आपण माणूस आहोत म्हणून. अशी रीतच पडली बघ. साथ गेली, चष्मे गेले, गाड्या पहिल्यासारख्या धावायला लागल्या, पण ही रीत राहिली. आजही तिथं दोन्हीकडनं येणाऱ्या गाड्या बैलगाडीच्या चालीनं जातात आणि ड्रायव्हर मुंडकी बाहेर काढून एकमेकांकडं टकामका बघतात. चार वर्षांत त्या जागी एक धडक नाही. मीही मुंडकं बाहेर काढतो. न काढून कसं चालेल, लोक घाबरतील की!

ह्या गोष्टीचा मी स्वतःला लई आधार दिला. म्हणायचो, माझं खोटं माणसं वाचवतंय. खरं सांगितलं तर दगड उखडतील, गाड्या परत सुसाट सुटतील, कुणीतरी मरेल. असं म्हटलं की दोन घास जायचे.

पण तू होतास ना. तुझ्या शेटनं साफ सांगितलं, ज्याला रिकाम्या गाड्या दिसतात त्याच्या हातात मी माझी भरलेली गाडी देत नाही. मग अक्कलकोट रोडला एका मागाच्या कारखान्याच्या फाटकावर तुला बसवलं, काठी घेऊन. मी दोन-तीनदा तिथं माल घ्यायला आलो तेव्हा बघितलं. कुठलीही गाडी आली की तू फाटक उघडायच्या आधी लंगडत पुढं यायचास, पायरीवर हात टेकून केबिनमध्ये डोकवायचास आणि आतल्या माणसाचं तोंड नीट बघायचास. मगच फाटक उघडायचास. ड्रायव्हर आधी हसायचे, "मी हाय की रं बाबा, चिमटा काढ हवं तर!" पुढं पुढं चिडायला लागले. एकानं तुझ्या तोंडावर थुंकी उडेल असा आवाज काढला. तू फाटक उघडून बाजूला झालास. माझ्याही गाडीत डोकावलास. माझं तोंड बघितलंस, बराच वेळ बघितलंस, आणि म्हणालास, "जा. मानूस हाय." त्या दिवशी मी गाडी आत लावली आणि सीटवर बसून रडलो.

तेव्हा का नाही सांगितलं? सांगणार होतो, आईशपथ. दर वेळी ठरवून यायचो. मग तू तोच विषय काढायचास आणि मी तेच म्हणायचो, डोळे आले होते तुझे. म्हणता म्हणता मला त्याची सवय लागली. तू हट्टानं म्हणायचास, "न्हवता मानूस." मी म्हणायचो, "होता, तुला दिसला न्हाई." तेवढं अर्धं तरी खरं बोलत होतो, असं वाटायचं. काय अर्धं खरं, कपाळ माझं!

शेवटच्या महिन्यात तुला घरी आणलं, तेव्हा आलो होतो. तू वाळून कोळ झाला होतास. बाकी काही बोलला नाहीस, तेच विचारलंस. "बिऱ्या, मला खरं सांग. मानूस न्हवता न्हवं?" मला तुला जिंकू द्यायचं होतं रे, शेवटचं एकदा. म्हणालो, "न्हवता बाबा. तू म्हनतूस तर न्हवता." तू माझ्याकडं बघितलंस आणि भिंतीकडं तोंड फिरवलंस. "तूबी मला लेकरागत समजावाय लागलास व्हय." त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मी तासभर बसलो, वैनीनं दिलेलं ताक प्यालो आणि आलो. पाचव्या दिवशी निरोप आला.

आज दुपारी गेलो होतो नीलव्वा वैनीकडं. कपाळाला विभूती, समोर सुपात ज्वारी. मी उंबऱ्याच्या आत बसलो आणि सांगून टाकलं. गाडीत मी होतो, टॉवेल तोंडावर घेऊन वाकलो होतो, रिकामा मी होतो. वैनीचा हात सुपात थांबला. ती रडेल, शिव्या देईल, सूप फेकून मारेल, सगळ्याची तयारी ठेवून गेलो होतो. ती म्हणाली, "म्हंजे ह्यास्नी बराबर दिसलं हुतं."

"व्हय वैनी. बरोबर दिसलं होतं."

"तोंड न्हवतंच."

"न्हवतं."

मग मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली. म्हणालो, वैनी, त्या जागेवर आता गाड्या हळू जातात, चार वर्षांत तिथं कुणी मेलं नाही. ती म्हणाली, "तर मग आमच्या ह्यांनी चार वर्सं येडं ऱ्हाऊन रस्ता राखला म्हना की." ते ऐकून मला वर बघवेना. मग तिनं विचारलं, "भावजी, गाडी पडल्याली तुमाला कळलं का न्हाई?"

मी म्हणालो, "न्हाई वैनी. वाकलेला होतो. काहीच कळलं न्हाई. कळलं असतं तर थांबलो नसतो का?"

तिनं मान हलवली. "न्हाई कळलं तर तुमी तरी काय करनार? शिवाची इच्छा. गावाला सांगू नगा, दगड ऱ्हाऊ दे. मला कळलं, बास झालं." उठून तिनं चहा टाकला. गूळ घालून, जसा तू प्यायचास तसा. मी तो प्यालो, सिद्राम. वाटीभर चहा, सगळा प्यालो. तिनं मला माफ केलं आणि मी तिच्या हातचा चहा पिऊन दारातून बाहेर पडलो.

घरी आल्यापासून हे लिहितोय. पोरगी दोनदा बोलवून गेली जेवायला, गेलो नाही. वैनीला मी खोटं सांगितलं. तुला आता काय खोटं सांगू?

डोकं वर काढलं तेव्हा मी आरशात बघितलं होतं. तुझी गाडी आडवी पडली होती, वरच्या अंगाची चाकं अजून फिरत होती. खिडकीतून तुझा हात बाहेर आला होता आणि तो हलत होता, "थांब, थांब" म्हणून. पुढंमागं रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं. हात कुणासाठी हलतोय हे मला कळत होतं.

सकाळी पहिल्या गाडीनं मंद्रूपला जातो आणि वैनीला हे सांगतो. चहा काही ती देणार नाही.

मी बघितलं होतं, सिद्राम. बघितलं आणि गेअर बदलला.